शिकारीच्या पिकअपला मागे ड्रॉवर बसवताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या, शिकारीला निघायचं तर आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पेलोडचं, म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती वजन वाहू शकते त्याचं, स्टिकर वाचा. माणसं, पाणी, सामान आणि परतीचं सुमारे ९० किलो मांस, सगळं त्या आकड्यात बसलं पाहिजे. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

ड्रॉवर १८ मिमी प्लायवुडचे, दोन. मोठ्या पिकअपच्या हौद्यात चाकांच्या उंचवट्यांमध्ये साधारण १२५ सेंमी जागा मिळते. ड्रॉवर बसतात त्या पेटीची उंची त्या उंचवट्यांइतकी ठेवली की वर सपाट झोपता येतं. ड्रॉवर सरकवायला बेअरिंगचे चॅनेल नकोतच. कच्च्या रस्त्याची धूळ शिरली की ते अडकतात. त्याऐवजी ड्रॉवरच्या तळाला गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावा. कापलेल्या कडांना पॉलियुरेथेनचे तीन हात द्या, कारण प्लाय पाणी पितं ते कडेनंच.

हौद्याच्या पत्र्याला डोळे झाकून भोकं पाडू नका, खाली ब्रेकच्या नळ्या आणि इंधनाची टाकी असते. हौद्याच्या मूळच्या बोल्टनाच एल-पट्टीनं पेटी अडकवा.

पाण्याचे डबे केबिनलगत ठेवा. कूलर जाताना टेलगेटपाशी, म्हणजे हौद्याच्या मागच्या फळीपाशी, चालेल. मांस भरलं की तोही पुढे ओढा, नाहीतर मागचा भाग बसतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं.