ज्येष्ठांच्या दुखऱ्या सांध्यांना आणि स्नायूंना शेक देताना

गुडघ्याची झीज, मानेचा ताठरपणा, कंबरेत भरलेली उसण आणि बोटांच्या पेरांचे दुखणे यांवर घरोघरी शेक दिला जातो आणि ते योग्यही आहे. मात्र सत्तरीच्या पुढच्या माणसाला शेक देताना तो किती गरम असावा आणि किती वेळ असावा, हे त्यांच्या जाणिवेवर न सोडता देणाऱ्याने मोजून ठरवावे. वयानुसार त्वचा पातळ होते, उष्णतेची जाणीव मंदावते आणि कातडीखालचा रक्तप्रवाह कमी झाल्याने साठलेली उष्णता लवकर वाहून नेली जात नाही. त्यामुळे "अजून जरा गरम चालेल" असे आजी सांगतात तेव्हा त्यांची त्वचा आधीच भाजू लागलेली असू शकते.

साधारण 43 अंश सेल्सिअसच्या पुढे निरोगी त्वचेला उष्णता वेदनेसारखी जाणवू लागते. 44 अंशांवर त्वचा भाजायला काही तास लागतात, 49 अंशांवर काही मिनिटे पुरतात, तर 60 अंशांवर अवघी काही सेकंदे. म्हणून त्वचेपर्यंत पोहोचणारा शेक 40 ते 42 अंशांच्या आसपास ठेवावा आणि तो 15 ते 20 मिनिटांत थांबवावा. जास्त कडक शेकाने जास्त गुण येतो हा समज सोडून द्यावा, कारण बाहेरून दिलेली उष्णता फार तर एखाद्या सेंटिमीटरपर्यंतच नीट पोहोचते. बोटे, मनगट, गुडघा आणि मानेचे वरवरचे स्नायू यांना तिचा लाभ होतो. खोलवर असलेल्या खुब्याच्या सांध्यापर्यंत ती जात नाही, तिथे आराम पडतो तो भोवतालचे स्नायू सैलावल्यामुळे.

पहिला शेक देण्यापूर्वी, विशेषतः मधुमेह असल्यास, जाणिवेची परीक्षा घ्यावी. एका पेल्यात कोमट आणि दुसऱ्यात गार पाणी घेऊन, ज्येष्ठांना डोळे मिटायला सांगून, शेकायच्या जागी पेले आलटून पालटून टेकवावेत. कोणता गरम आणि कोणता गार हे त्यांना प्रत्येक वेळी बरोबर सांगता आले नाही, तर त्या जागी शेक देऊ नये.

गरम पाण्याच्या पिशवीत उकळते पाणी कधीही थेट ओतू नये. आधी दोन भांडी नळाचे साधे पाणी घेऊन त्यात एक भांडे उकळते पाणी मिसळले की मिश्रण पन्नास अंशांच्या जवळपास येते. पिशवी दोन तृतीयांश भरावी, आतली हवा दाबून काढावी, बूच घट्ट लावून ती क्षणभर उलटी धरून पाहावी आणि मग जाड टॉवेलाच्या दोन घड्यांत गुंडाळावी. गुंडाळलेली पिशवी देणाऱ्याने स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला मिनिटभर टेकवून पाहावी. गुडघ्याखाली लहान उशी देऊन पिशवी गुडघ्यावर ठेवावी. अंगाखाली ठेवू नये, कारण वजनाने तिथला रक्तप्रवाह दबतो आणि पिशवी फुटण्याचीही भीती असते. दर पाच मिनिटांनी ती उचलून त्वचा पाहावी. रबराला भेगा दिसल्या, तर पिशवी टाकून द्यावी.

जाड्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी अनेक घरांत वापरतात. ती उपयोगी आहे, पण सर्वांत जास्त सांभाळावी लागते ती हीच, कारण तव्यावर तापलेले मीठ उकळत्या पाण्यापेक्षाही गरम होते. पुरचुंडी निवू द्यावी, आधी स्वतःच्या हातावर लावून पाहावी आणि एका जागी न ठेवता हलकेच फिरवत राहावी. बोटांच्या सांध्यांसाठी मात्र पसरट घमेल्यातले कोमट पाणी सर्वांत सोयीचे: हात बुडवून दहा मिनिटे सावकाश मूठ मिटायची आणि उघडायची, म्हणजे शेक आणि व्यायाम एकदमच होतात. विजेवरची पिशवी तापवून झाल्यावर तिची वायर काढूनच अंगावर घ्यावी आणि ती घेऊन झोपू नये.

शेकाआधी तिळाचे तेल हलक्या हाताने चोळण्यास सहसा हरकत नाही. वेदनाशामक मलम लावलेले असेल तर ते पुसून, धुऊन काढल्याशिवाय शेक देऊ नये, कारण उष्णतेने ते त्वचेला भाजू शकते. वेदनाशामक औषधाची पट्टी चिकटवलेली असेल, तर तिच्या जवळपासही शेक नको. उष्णतेने औषध रक्तात वाजवीपेक्षा वेगाने उतरते.

सांधा लाल, सुजलेला आणि आधीच गरम लागत असेल, दोन-तीन दिवसांत मार बसला असेल, जखम किंवा जंतुसंसर्ग असेल, तर शेक टाळावा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर चोळू नये, शेकू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. पेसमेकर बसवलेल्यांनी फिजिओथेरपी केंद्रात डायथर्मीच्या, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी खोलवर शेक देणाऱ्या, यंत्राजवळ जाण्यापूर्वी ते आवर्जून सांगावे.

शेकानंतर स्नायू सैल असतात आणि ताठर सांधा थोडा अधिक वाकतो, म्हणून त्याच वेळी व्यायाम करून घ्यावा. पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळून पाच सेकंद धरावा आणि सोडावा, असे दहा वेळा; मग टाच गादीवरून सरकवत गुडघा जमेल तितका वाकवावा. शेक घेतलेल्यांनी लगेच उठून उभे राहू नये, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही. काही मिनिटे बसून, आधार धरून उठावे.

रोजच्या शेकाने त्या जागी जाळीसारखे तपकिरी डाग उमटू लागले, तर तिथला शेक बंद करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्वचा भाजलीच, तर ती जागा वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावी; बर्फ, तूप किंवा टूथपेस्ट लावू नये. मधुमेही व्यक्तीच्या पायावर लहानसा फोड आला, तरीही त्याच दिवशी दवाखाना गाठावा.