परदेशातून पॉवर टूल्स आणताना: गोव्यातील कारागिरांसाठी मार्गदर्शन

गोव्यात सुतारकाम, फर्निचर किंवा जुन्या घरांची डागडुजी करणाऱ्या बहुतेकांचे कोणी ना कोणी आखातात, युरोपात किंवा बोटीवर नोकरीला असते. मकिता, बॉश, डिवॉल्ट, मेटाबो, फेस्टूल अशा कंपन्यांची वरच्या श्रेणीतील मशिन्स तिकडे स्वस्त पडतात, ही माहिती त्यांच्याकडूनच मिळते, आणि पुष्कळदा ती खरीही असते. मात्र तिथल्या दुकानातील किंमत वेगळी आणि म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या कार्यशाळेत ते मशीन कामाला लागेपर्यंत झालेला एकूण खर्च वेगळा. या विषयात माझे मत ठाम आहे. बॅटरी आणि चार्जर इथे, भारतीय बिलावर आणि भारतीय हमीसह घ्यावेत आणि त्याच बॅटरीवर चालणारे नुसते मशीन तेवढे बाहेरून आणवावे. बाकीच्या सर्व मार्गांत बचत होतेच असे नाही, पण जोखीम मात्र नक्की वाढते.

प्रथम विजेचा प्रश्न. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. संयुक्त अरब अमिराती, युरोप आणि ऑस्ट्रेलिया येथील वायरची यंत्रे त्यावर सरळ चालतात. फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेत पुरवठा १२० व्होल्ट, तर जपानमध्ये १०० व्होल्ट असतो. ब्रिटनमध्ये घरातील वीज आपल्यासारखीच असली, तरी बांधकामावर वापरायची पिवळ्या प्लगची यंत्रे ११० व्होल्टची असतात, आणि ती जुन्या बाजारात स्वस्त दिसतात म्हणून माणूस फसतो. असे मशीन आपल्या सॉकेटमध्ये लावले, की मोटरला दुप्पट दाब मिळतो आणि वायंडिंग, म्हणजे आतले तारांचे वेटोळे, जळते. व्होल्टेज कमी करणाऱ्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचा तोडगा पुष्कळजण सुचवतात. पण १५ अँपिअरच्या अमेरिकन सर्क्युलर सॉला १,८०० वॅट लागतात, चालू होतानाचा झटका त्याहून मोठा असतो, आणि तो पेलणारा ट्रान्सफॉर्मर इतका जड व महाग असतो की वाचलेले पैसे त्यातच जातात. बेंच ग्राइंडर किंवा कॉम्प्रेसर यांच्या इंडक्शन मोटरची गती तर वारंवारतेवर ठरते. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर ५० हर्ट्झवर मंद फिरते आणि अधिक तापते. सौदी अरेबियात वारंवारता ६० हर्ट्झ आहे, हे तिथून खरेदी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. दुकानात असलेल्या माणसाला मशीनच्या नेमप्लेटचा फोटो पाठवायला सांगावा. त्यावर २२०–२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे छापलेले दिसले, तरच पुढचे बोलावे.

बॅटरीच्या मशीनला हा अडथळा येत नाही. चार्जरला मात्र येतो, कारण अमेरिकेत विकला जाणारा चार्जर तिथल्याच व्होल्टेजचा असतो. बॅटरी आणि चार्जर इथे घ्यावेत असे मी म्हणतो, त्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण विमानप्रवासाचे आहे. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात टाकता येत नाही. ती हातातील सामानातच, टोके झाकून न्यावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० पर्यंतच्या दोनच बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने नेता येतात, आणि त्यापुढची प्रवाशाला नेताच येत नाही. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्टची ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॅट-तासांची होते, ८ अँपिअर-तासांची १४४ आणि १२ अँपिअर-तासांची २१६. म्हणजे ही शेवटची विमानतळावरच सोडून यावी लागेल. नुसते मशीन आणणाऱ्याला यातले काहीच आड येत नाही. ते चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून येते.

नुसत्या मशीनला मकिताच्या मॉडेल क्रमांकात शेवटी ‘झेड’ हे अक्षर असते. बॉश त्याला ‘सोलो’ म्हणते. मागवण्यापूर्वी बॅटरीची मालिका पडताळावी. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी आणि ४० व्होल्टची एक्सजीटी या मालिकांच्या बॅटऱ्या एकमेकींच्या मशीनला बसत नाहीत. उलट डिवॉल्टची अमेरिकेतील ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि युरोपातील ‘१८ व्होल्ट एक्सआर’ ही एकाच रचनेची आहे: पाच सेल ओळीने जोडलेले, पूर्ण भरल्यावर प्रत्येकी सुमारे ४ व्होल्ट, कामाच्या वेळी ३.६. मकिताच्या एलएक्सटी मॉडेलची अक्षरे अमेरिकेत ‘एक्स’ने आणि इतरत्र बहुधा ‘डी’ने सुरू होतात. आपल्याकडच्या विक्रेत्याच्या यादीत जो क्रमांक सापडतो, तोच बाहेरून मागवावा, म्हणजे उद्या स्विच किंवा आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) हवे झाले तर मडगावच्या दुरुस्तीवाल्याला ते कंपनीच्या वितरकाकडून मागवता येईल.

मशीनला लागणाऱ्या पात्या, चकत्या आणि बिट्स यांचा विचार बहुतेकजण करत नाहीत, आणि तिथेच रोजच्या कामाची अडवणूक होते. आपल्याकडे सर्वाधिक चालणाऱ्या १०० मिलिमीटरच्या ग्राइंडरला एम-१० आट्यांचा दांडा आणि १६ मिलिमीटर भोकाची चकती लागते. युरोपच्या ११५ आणि १२५ मिलिमीटरच्या ग्राइंडरचा दांडा एम-१४ असतो, अमेरिकेच्या साडेचार इंची ग्राइंडरचा ५/८ इंची. साधी कटिंग चकती या शेवटच्या दोन्हींना बसते, कारण भोक २२.२३ मिलिमीटर म्हणजेच ७/८ इंच असते. पण एम-१४ आटे असलेला वायर कप किंवा दगडासाठीचा डायमंड कप अमेरिकन दांड्यावर चढवायला गेलात, तर आटे जुळत नाहीत, आणि जबरदस्तीने चढवलेला कप मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर सुटला तर जीवावर बेतू शकते. सर्क्युलर सॉच्या पात्याचे भोक अमेरिकेत ५/८ इंच, युरोपात २० किंवा ३० मिलिमीटर असते. राउटरच्या कोलेटचे, म्हणजे बिट पकडणाऱ्या नळीचेही तसेच: अमेरिकेत पाव आणि अर्धा इंच, युरोपात मुख्यतः ८ आणि १२ मिलिमीटर. आपल्या खणात कोणत्या मापाचे बिट्स पडले आहेत, ते आधी मोजावे. रोटरी हॅमरच्या बिटाचा एसडीएस-प्लस (खाचांचा) दांडा मात्र जगभर एकच आहे. याच ओघात सांगतो, की ज्यांचे काम मुख्यतः चिऱ्याच्या घरांत आहे त्यांनी मोठ्या हॅमरच्या मागे लागू नये. जांभा दगड मऊ असल्याने जड ठोक्याने भोकाची कड फुटते, आणि दोन किलोच्या वर्गातील हॅमर तिथे अधिक नीटस काम देतो.

आता पैशांचा हिशेब. समजा, एक नुसते मशीन गोव्यात ४२,००० रुपयांना आहे आणि दुबईत ५ टक्के व्हॅट धरून ३१,५०० रुपयांना पडते. वरवर १०,५०० रुपये वाचले. व्हॅटचा परतावा मिळेल असे गृहीत धरू नये. ती योजना पर्यटकांसाठी आहे, तिथे नोकरी करणाऱ्या भावाला ती लागू नाही. ब्रिटनने तर १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पर्यटकांचा परतावाच बंद केला. तुमची कार्यशाळा जीएसटीखाली नोंदणीकृत असेल, तर इथल्या ४२,००० रुपयांतील १८ टक्क्यांचा कर, म्हणजे सुमारे ६,४०० रुपये, इनपुट क्रेडिटने, म्हणजे तुम्ही भरायच्या करातून वजा होऊन, परत मिळतो. मग खरी बचत उरते जेमतेम ४,१०० रुपये, आणि त्यासाठी तुम्ही हमी सोडलेली असते. अशा नोंदणीकृत व्यावसायिकाने इथेच घ्यावे, असे मी स्पष्टपणे सांगेन. ज्यांची नोंदणी नाही, त्यांना मात्र हा सौदा परवडतो.

दाबोळी किंवा मोपा, कुठेही उतरले तरी सीमाशुल्काचे नियम तेच. २०१६ च्या बॅगेज नियमांनी परदेशातून परतणाऱ्या रहिवाशाला ५०,००० रुपयांची सूट दिली होती आणि त्यावरच्या किमतीवर ३८.५ टक्के शुल्क बसत असे. त्या हिशेबाने ६८,००० रुपयांच्या वस्तूवर ६,९३० रुपये भरावे लागत. अशा मर्यादा व दर सरकार बदलत असते, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर चालू आकडे पाहावेत. सूट प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते; नवरा-बायकोची एकत्र करून एक महाग वस्तू आणता येत नाही. भावाने फोन आणि अत्तरे आणली, तर तीही त्याच सुटीत मोजली जातात. एकाच प्रकारची तीन यंत्रे एका बॅगेत निघाली, तर तो व्यापारी माल ठरू शकतो. बोटीवरच्या खलाशाला दर फेरीला प्रवाशाइतकी सूट नसते. नोकरीचा करार संपवून उतरताना ती मिळते. किंमत मर्यादेबाहेर असेल तर बिल हातात ठेवून विमानतळावरील लाल मार्गाने, म्हणजे वस्तू घोषित करणाऱ्यांच्या रांगेतून, जावे. ते घोषित करणे सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७७ खाली बंधनकारक आहे, आणि दुसऱ्याच्या बॅगेतून वस्तू मागवताना त्या माणसाला याची पूर्ण कल्पना देणे हे आपले कर्तव्य आहे.

कुरिअरने मागवण्याचा मार्ग मी सुचवत नाही. त्याला बॅगेजची सूट नाही, शुल्क वस्तूच्या किमतीसह वाहतूक व विम्याच्या रकमेवरही लागते, आणि १२ डिसेंबर २०१९ पासून राखी व जीवनरक्षक औषधे सोडून इतर वस्तू ‘भेट’ म्हणून पोस्टाने वा कुरिअरने आणण्यास मनाई आहे.

नकली मालाबद्दल सावध राहावे, विशेषतः खुल्या बाजारातील बॅटऱ्या आणि फार स्वस्त संचांबद्दल. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच, मॉडेल व सिरियल क्रमांक लिहिलेल्या बिलावर करावी. कार्बन ब्रश (मोटरला वीज पोहोचवणारे, झिजणारे तुकडे) असलेले मशीन असेल, तर ब्रशच्या दोन जोड्या सोबतच घ्याव्यात. ब्रशलेस मशीनचा सर्किट बोर्ड इथे कुणी दुरुस्त करत नाही, तो बदलावाच लागतो, म्हणून त्याची भारतातील किंमत आणि उपलब्धता आधी विचारावी. दुकानातच मशीन चालवून चकची डगमग, स्विचचा वेग आणि गिअरचा आवाज पाहायला सांगावे. गोव्यात पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला पूर्ण भाराचे काम द्यावे, सागवानाच्या फळीत मोठ्या बिटाने ओळीने भोके पाडावीत, कारण दोष असेल तर तो तेव्हाच उघड होतो आणि भाऊ सुट्टी संपवून परत जाताना मशीन बिलासह त्याच्याच बॅगेतून बदलायला पाठवता येते.