मुलांना घेऊन बेसबॉलच्या प्रवासाला निघताय? या चुका टाळा

लेक आठ वर्षांची असताना आम्ही दोघांनी न्यू जर्सीहून बेसबॉलसाठी पहिला प्रवास केला. आता ती चौदाची आहे आणि आमची अकरा मैदानं झाली आहेत. अमेरिकेत मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यांत वरच्या व्यावसायिक स्पर्धेचा सामना मिळणं अजिबात अवघड नाही. तीस संघ आहेत, प्रत्येकाचे हंगामात १६२ सामने, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. मार्चअखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज कुठे ना कुठे खेळ चालूच असतो. अवघड आहे ते मुलाला खरंच आवडेल असा प्रवास आखणं. इथे आलेल्या, क्रिकेटवर वाढलेल्या आईबाबांच्या हातून काही चुका हमखास होतात. त्यातल्या बऱ्याच मी केल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मैदानं मोजत सुटणं

शिकागोच्या पहिल्या फेरीत मी एकाच दिवशी दोन सामने ठरवले होते. दुपारी उत्तरेला कब्ज संघाचं रिग्ली फील्ड, संध्याकाळी दक्षिणेला व्हाइट सॉक्सचं मैदान. दोन्हीकडे रेड लाइन ही शहरातली रेल्वे जाते, गाडीसुद्धा बदलावी लागत नाही, त्यामुळे बेत चोख वाटला. दुसरा सामना चुकू नये म्हणून आम्ही रिग्लीतून नऊपैकी सातव्या इनिंगलाच उठलो (दोन्ही संघांनी एकेकदा फलंदाजी केली की एक इनिंग होते), आणि संध्याकाळी तिसऱ्या इनिंगला लेक माझ्या मांडीवर झोपून गेली. दोन तिकिटं, आणि एकही सामना धड पाहिला नाही.

रिग्ली १९१४ सालचं मैदान आहे. तिथे १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, सगळे सामने उजेडात व्हायचे. मैदानाच्या सीमेवरच्या भिंतीवर १९३७ मध्ये लावलेली आयव्हीची वेल आहे. चेंडू त्या वेलीत अडकला आणि क्षेत्ररक्षकाने हात वर केले, तर फलंदाजाला दोन बेस, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरचे दोन टप्पे, मिळतात. हे सगळं लेकीला दाखवायचं मी मनाशी ठरवून गेलो होतो आणि घाईत तेच राहिलं. तेव्हापासून आमच्याकडे एका दिवशी एकच सामना असतो. तीन दिवसांच्या प्रवासात फार तर दोन. मधला दिवस रिकामा ठेवायचा. त्या दिवशी हॉटेलचा पोहण्याचा तलाव आणि बागेतला कॅच-कॅच यांत मूल खूश असतं.

नाव घेऊन वचन देणं

'तुझा आवडता पिचर (चेंडू टाकणारा) बघायला मिळेल' असं आठवडाभर आधी सांगू नका. सुरुवात करणारा पिचर साधारण पाच-सहा दिवसांतून एकदा टाकतो. कोणाची पाळी आहे हे काही दिवस आधी जाहीर होतं, पण पावसाने किंवा दुखापतीने ते बदलतं. फलंदाजांनाही विश्रांती देतात. रात्रीच्या सामन्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी दुपारचा सामना असेल, तर नेहमीचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, बहुधा बाहेर बसतो. माझ्या लेकीचा जीव कॅचरवरच, त्यामुळे आम्ही हे रडून शिकलो. मुलाला एका खेळाडूऐवजी दोन-तीन नावं सांगा, आणि पिचर बघायचाच असेल तर वेळापत्रकावरून त्याची पाळी मोजून त्याच्या आसपास सलग दोन दिवस शहरात राहा.

मैदानही तपासून घ्या. ओकलंडचा ॲथलेटिक्स संघ २०२४ च्या हंगामानंतर ते शहर सोडून गेला आणि २०२५ पासून वेस्ट सॅक्रामेंटोत खेळतो. जुन्या यादीवरून निघालात तर सुमारे ऐंशी मैलांनी चुकाल.

प्रत्येक चेंडूला क्रिकेट आठवणं

ही चूक मला सगळ्यांत मोठी वाटते. 'हा तर फुलटॉस', 'एवढ्या मोठ्या ग्लोव्हजने कोणीही कॅच घेईल', 'मागे मारला तर धावा का नाहीत' असं मी पहिली दोन वर्षं बोलत होतो. लेक दहा वर्षांची असताना फिलाडेल्फियात तिने एकदा माझ्याकडे न बघताच विचारलं, "बाबा, तुला हा गेम आवडत नाही का?" मला आवडत होता. तिला मात्र तसं ऐकू येत नव्हतं.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे स्कोअरकार्ड. बऱ्याच मैदानांवर कागदी कार्ड मिळतं, नाहीतर घरून छापून न्या. त्यात प्रत्येक क्षेत्ररक्षकाला क्रमांक असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्याने पहिल्या बेसवर फेकला आणि दोघे बाद झाले, तर ६-४-३ लिहायचं. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला, की 'के', आणि फलंदाज बॅट न फिरवता बघत राहिला तर तोच 'के' उलटा. मुलं हे पटकन शिकतात आणि मोठ्यांना शिकवतात. क्रिकेटचं स्कोअरबुक लिहिलेल्या माणसाला तर ही भाषा ओळखीचीच वाटते. क्रिकेटची तुलना करायची असेल तर मुलाने विचारल्यावर करा. मग तीसुद्धा गोड लागते.

उशिरा पोहोचणं आणि उन्हात बसणं

बेसबॉल संथ असतो, अर्धा तास उशीर झाला तरी चालतं, हा सल्ला आता जुना झाला. २०२३ मध्ये पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकावा म्हणून घड्याळ आलं आणि नऊ इनिंगचा सरासरी सामना तीन तासांवरून साधारण दोन तास चाळीस मिनिटांवर आला. अर्धा तास उशीर म्हणजे दोन इनिंग गेल्याच समजा. लहान मुलासोबत दरवाजे उघडायच्या वेळेलाच जा. फलंदाजीचा सराव बघायचा तर तीच वेळ आहे, मात्र आदल्या रात्री सामना झाला असेल तर दुपारच्या सामन्याआधी मैदानावर सराव बहुधा नसतो. पहिलाच सामना असेल तर पाहुण्यांच्या मदतकक्षात विचारा. अनेक मैदानांवर मुलाच्या नावाचं 'पहिला सामना' प्रमाणपत्र मोफत देतात. लेकीचं अजून तिच्या टेबलावर लावलेलं आहे.

जागा घेताना स्वस्त-महाग एवढंच पाहू नका. बहुतेक मैदानांची मांडणी अशी असते की दुपारनंतर सावली आधी तिसऱ्या बेसच्या बाजूला येते आणि उजव्या बाहेरच्या भागात सूर्य थेट डोळ्यांवर येतो. जुलैच्या दुपारी पाच-सहा वर्षांचं मूल दोन तास उन्हात बसवणं म्हणजे पाचव्या इनिंगला घरी निघणं. सॅन फ्रान्सिस्कोत नेमकं उलटं. तिथे खाडीला लागून मैदान आहे, जुलैतही रात्री हुडहुडी भरते. जॅकेट न्याच.

दाराशी अडकणं

बॅगेची मर्यादा अनेक ठिकाणी १६ बाय १६ बाय ८ इंच आहे, पण पाठीवरच्या सॅकला कित्येक मैदानांत मनाईच असते. मुलाची शाळेची सॅक घेऊन गेलात तर ती बाहेर पैसे देऊन ठेवावी लागते किंवा गाडीपर्यंत परत जावं लागतं. बाळाच्या सामानाच्या आणि औषधांच्या बॅगेला सहसा सूट मिळते. प्रत्येक संघाचा नियम वेगळा, म्हणून तिकीट काढल्यावर लगेच वाचून ठेवा.

तिकीट फोनवर असतं आणि त्याचा स्क्रीनशॉट बऱ्याच ठिकाणी चालत नाही. गर्दीत नेटवर्क अडतं. घरूनच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये घालून ठेवा आणि छोटी पॉवरबँक न्या. अनेक मैदानांत रोख रक्कमही घेत नाहीत.

आत शिरताच दोन कामं करा. मदतकक्षातून मुलासाठी मनगटपट्टी मागून त्यावर तुमचा फोन आणि जागेचा क्रमांक लिहा. आणि हरवलो तर कुठे भेटायचं ती जागा मुलालाच निवडू द्या. स्वतः निवडलेली जागा त्याच्या लक्षात राहते.

खाण्याचं थोडक्यात: काही मैदानं बाहेरचं खाणं पारदर्शक पिशवीतून आत नेऊ देतात. आमच्या पिशवीत दशम्या आणि चिवडा असतो. शाकाहारी मुलांना आत फ्राइज, प्रेट्झेल, नाचोज यापलीकडे फारसं मिळेलच असं नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मात्र फार सांभाळा, कारण टरफलं पायाखाली सगळीकडे पडलेली असतात. काही संघ ठरावीक तारखांना शेंगदाणाविरहित विभाग ठेवतात, त्याच तारखा शोधा.

चेंडूकडे पाठ करणं

२०२० पासून सगळ्या तीसही मैदानांवर संरक्षक जाळी आधीपेक्षा लांब नेली आहे, तरी ती सगळ्या जागांपुढे नसते. फाउल चेंडू, म्हणजे बॅटला लागून मागे किंवा बाजूला प्रेक्षकांकडे गेलेला, ताशी शंभर मैलांहून जास्त वेगाने येऊ शकतो. मूल लहान असेल तर जाळीमागे किंवा वरच्या मजल्यावर बसा. जाळीबाहेर बसलात तर पिचरच्या हातात चेंडू असताना फोन खाली, हा नियम तुमच्यासाठीही. मुलाच्या हातात ग्लोव्ह आहे म्हणून ते सुरक्षित आहे असं धरून चालू नका.

पाऊस आला की हॉटेलकडे धावणं

सामना सुरू होण्याआधी तो खेळवायचा की नाही हे बहुतेक वेळा घरचा संघ ठरवतो. एकदा सुरू झाला की निर्णय पंचांकडे. पाच इनिंग झाल्या की सामना अधिकृत धरला जातो, आणि घरचा संघ पुढे असेल तर साडेचार पुरतात. त्याआधी थांबला तर आता तो पुढे कधीतरी तिथूनच चालू होतो. तुम्ही परगावहून आला असाल तर हे तिकिटाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, कारण बदली सामन्याच्या दिवशी तुम्ही तिथे नसाल. म्हणून बॉक्स ऑफिस किंवा संघाच्या संकेतस्थळावर तिकीट बदलून मिळतं का हे त्याच रात्री विचारा. बदली सामना धरून संघाने एकाच दिवशी दोन सामने ठेवले असतील तर तेही बघा. कधी एकाच तिकिटात दोन्ही दिसतात, कधी दोन वेगळी तिकिटं लागतात.

मुलाचा हिरमोड झाला तर मी डॅनी जॅन्सनची गोष्ट सांगतो. २६ जून २०२४ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये तो टोरांटोकडून फलंदाजी करत असताना पाऊस आला आणि सामना थांबला. पुढच्या महिन्यात त्याची बॉस्टनला बदली झाली. २६ ऑगस्टला तोच सामना तिथूनच पुढे सुरू झाला, तेव्हा जॅन्सनची अर्धवट राहिलेली फलंदाजी दुसऱ्याने पुरी केली आणि त्याच्या मागे कॅचर म्हणून स्वतः जॅन्सन बसला होता. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळणारा मेजर लीगमधला तो पहिला खेळाडू. लेकीने ही गोष्ट शाळेत निदान दहा जणांना ऐकवली असेल.

टोरांटोला फक्त तिकीट घेऊन निघणं

तीस संघांतला एकच अमेरिकेबाहेर आहे, आणि नायगारा बघून पुढे टोरांटोचा सामना हा बेत अनेक मराठी घरांत होतो. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. घरात आईबाबांचे कागद एक आणि इथे जन्मलेल्या मुलाचे वेगळे, असं असतं. प्रत्येकाचे स्वतंत्र तपासा. आणि मुलासोबत एकटेच जाणार असाल तर दुसऱ्या पालकाचं सहीचं संमतिपत्र घ्या, फोन क्रमांकासह. सीमेवरचा अधिकारी मुलालाच विचारतो, आई कुठे आहे म्हणून. प्रश्न मुलाच्या काळजीपोटी असतो. मुलाला आधी सांगून ठेवा, म्हणजे ते घाबरत नाही.

सामन्यांपलीकडचे कार्यक्रम चुकीच्या वेळी गाठणं

फेब्रुवारी-मार्चमधली सरावशिबिरं मुलांसाठी फार छान. खेळाडू जवळून दिसतात, सह्या मिळण्याची शक्यता जास्त. पंधरा संघ ॲरिझोनात आणि पंधरा फ्लोरिडात असतात. ॲरिझोनातली मैदानं सगळी फिनिक्सच्या आसपास, फ्लोरिडातली मात्र दूरदूर विखुरलेली, तिथे एका आठवड्यात सगळं बघायला जाऊ नका. आणि नावाजलेले खेळाडू सामन्यातून मधेच बाहेर पडतात, म्हणून मैदानावर वेळेआधी पोहोचा.

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउनला बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं गौरवदालन आणि संग्रहालय, १९३९ पासून आहे. जुलैअखेरीला नव्याने निवडलेल्या खेळाडूंच्या सत्काराच्या वेळी त्या छोट्या गावात राहायला जागा मिळत नाही. २०२५ मध्ये इचिरो सुझुकीचा, म्हणजे तिथे पोहोचलेल्या पहिल्या जपानी खेळाडूचा सत्कार झाला. संग्रहालय शांतपणे बघायचं तर त्या आठवड्याव्यतिरिक्त जा.

आणि ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातलं साउथ विल्यम्सपोर्ट. दहा ते बारा वर्षांच्या मुलांची लिटल लीग वर्ल्ड सिरीज १९४७ पासून तिथल्या भागात होते, आणि आत जायला पैसे लागत नाहीत. २०१४ मध्ये याच स्पर्धेत फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता सामना जिंकून दिला. अशी कामगिरी करणारी ती पहिली मुलगी. मुलगी आहे म्हणून तिला यात रस नसेल, असं आमच्या ओळखीत कोणी म्हटलं की मी हेच सांगतो. तिथे मुलं एकमेकांशी पिना, म्हणजे संघांचे छोटे बिल्ले, बदलतात. बदलाबदली त्यांची त्यांना करू द्या, मध्ये पडू नका. आणि मैदानाच्या मागच्या हिरव्या उतारावर पुठ्ठ्यावर बसून घसरायला वेळ राखून ठेवा.

आम्ही गेलो तेव्हा लेक तिसऱ्या इनिंगला उतारावर पळाली ती सहाव्या इनिंगला आली, गुडघे गवताने हिरवे झालेले. मी सामन्यासाठीच तीन तास गाडी चालवून आलो होतो, तरी काही बोललो नाही. ती शेजारी बसली, माझ्या हातातलं कार्ड ओढून घेतलं आणि चौथ्या इनिंगच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे उलटा के काढलास ना, तो कोण आउट झाला?"