जड काम सुरू होताच संगणक गोठत असेल तर

व्हिडिओ संपादन किंवा मोठा गेम सुरू असतानाच संगणक गोठत असेल आणि एरवी तो सुरळीत चालत असेल, तर विंडोज पुन्हा टाकण्याची घाई करू नये. पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडा ठेवून तेच काम पुन्हा करावे. प्रोसेसरचा आकडा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन तिथेच अडकत असेल, तर संगणक बंद करून, वायर काढून बाजूचे झाकण उघडावे. पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पातळ पट्ट्यांमध्ये, धुळीचा घट्ट थर बसलेला असतो आणि वरवर पाहिल्यास तो लक्षातही येत नाही. हवेच्या झोताने तो काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण पंखा भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) वाळली असल्यास जुनी पुसून नवी लावावी.

तापमान ठीक असेल, तर रॅम तपासावी: मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा आणि एक जरी चूक दिसली, तरी रॅमची एकेक पट्टी काढून दोषी पट्टी शोधावी. गोठण्याऐवजी संगणक थेट बंद पडत असेल, तर मात्र पॉवर सप्लाय बदलून पाहणे मला अधिक योग्य वाटते. डिस्क खराब होत असली तरीही संगणक असाच गोठतो, म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत या सगळ्या तपासणीच्या आधीच दुसरीकडे घेऊन ठेवावी.