शेवटच्या मजल्याचं एसीचं बिल आणि गच्चीचा पांढरा कोट
ठाण्यात शेवटच्या मजल्यावर राहत असाल, तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही खोलीत उष्णता सोडत राहतो आणि एसी थांबत नाही. गच्चीवर १०० च्या वर एसआरआय (ऊन परतवून पृष्ठभाग किती थंड राहतो, याचा आकडा) असलेला पांढरा कोट मारा. सोसायटीची लेखी परवानगी आधी. काम जानेवारी-फेब्रुवारीत काढा. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडा, भेगा पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) भरा. मग ओल तपासायला दीड फुटी प्लास्टिकचा चौकोनी तुकडा स्लॅबवर चारही कडा टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून पाणी धरलेलं दिसलं तर थांबाच. ओल्या स्लॅबवर कोट फुगतो, पापुद्रे निघतात. कारागीर घाई करतील, ऐकू नका. एक हात प्रायमर, दोन हात कोट, दुसरा पहिल्याला आडवा. दर पावसाळ्यानंतर घासून धुवा, काळवंडलेला कोट पुन्हा तापतो.