पीसीओएस आहे आणि मूल हवंय: ताटापासून सुरुवात कशी करायची

सोनोग्राफी करून घरी आले त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की माझ्या पोटात गाठी झाल्यात. कोणी ऑपरेशन सांगितलं, कोणी महाराजांचं नाव. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि पाळी दोन-दोन, कधी तीन-तीन महिन्यांनी यायची. दवाखान्यात कागदावर ‘पीसीओएस’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) लिहिलं, "वजन कमी करा, गोड बंद करा" म्हणाले आणि पुढचा नंबर बोलावला. घरी येऊन चुलीपुढे बसल्यावर रात्रीच्या स्वयंपाकात नेमकं काय बदलायचं, ते मला कोणीच सांगितलं नव्हतं. पुढे शिकत गेले, विचारत गेले, घरात करून पाहिलं. गावात राहणाऱ्या, तूर-ज्वारी-तांदळावर जेवणाऱ्या बाईला जमेल एवढंच इथे लिहिते आहे.

आधी त्या गाठींचं. त्या गाठी नसतातच. दर महिन्याला अंडाशयात काही बारीक कोश वाढायला लागतात, त्यातला एक पिकतो, फुटतो आणि अंडं बाहेर येतं. पीसीओएसमध्ये हे कोश अर्ध्या वाटेवर थांबतात आणि सोनोग्राफीत मण्यांसारखे दिसतात. आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या शरीरात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं हार्मोन, नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते जास्त तयार करतं. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. त्यातूनच हनुवटीवर केस येतात, मुरुम येतात, अंडं सुटत नाही आणि पाळी लांबते. इन्सुलिन वाढलं की मानेवर काळा पट्टाही दिसतो. जेवणाचा संबंध इथे येतो. जेवणानंतर साखर एकदम चढली नाही, तर इन्सुलिनही एकदम चढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 100 पैकी 10 ते 13 बायांना हा त्रास असतो आणि त्यातल्या बहुतेकींना तो आहे हे माहीतही नसतं. तेव्हा "माझ्याच नशिबी का" असं मनात आणू नका.

ताट बदलण्याआधी एक फेरी दवाखान्याची

पाळी लांबण्याचं कारण दरवेळी पीसीओएसच असतं असं नाही. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (हेही एक हार्मोन) तपासून घ्या, सोबत रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे, म्हणून नवरा-बायको दोघांनीही ती तपासणी मूल होण्याआधीच करावी. दोघंही वाहक (स्वतःला त्रास नसला तरी आजार मुलाला देऊ शकणारे) निघाले तर पुढे काय करायचं ते डॉक्टरांशी आधीच बोलता येतं.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी. हे मी मुद्दाम पहिल्याच पायरीत लिहिते आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचंही कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत. तरी वर्षानुवर्षं दवाखान्याच्या पायऱ्या बाईच झिजवते आणि बोलही तीच ऐकते. खर्रा खाणाऱ्या नवऱ्याने तर आजच तो सोडायला घ्यावा, तंबाखूने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी होतात. बाईने गुडाखू (दातांना लावायची तंबाखूची लुगदी) लावणंही बंद करावं.

पहिला बदल वरणात करा

सगळे सांगतात काय बंद करायचं. मी आधी सांगते काय वाढवायचं, कारण गावातली बाई जास्त खाते हे मला पटत नाही. ती चुकीचं खाते, उरलेलं खाते. आमच्याकडे सहा माणसांत मूठ-दीड मूठ तुरीची डाळ शिजायची, म्हणजे फार तर दीडशे ग्रॅम. त्यात पाणी घालून पातेलं भरायचं. पुरुष जेवले, पोरं जेवली, सासूबाई जेवल्या, की माझ्या वाट्याला वरचं पिवळं पाणी, दोन पोळ्या आणि भाताचा डोंगर. भूक भाताने भागायची. दोन तासांनी पुन्हा लागायची, मग चहा-टोस्ट.

हिशोब करून पाहा. दीडशे ग्रॅम डाळ सहा जणांत वाटली तर एकीच्या वाट्याला 25 ग्रॅम, त्यात प्रथिनं साडेपाच ग्रॅमच्या आसपास. तीही डाळ खाली बसलेली असते आणि आपल्यापर्यंत पोचत नाही. 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. ती घरच्याच वस्तूंतून अशी जमतात: तीन ज्वारीच्या भाकरी (एकीला 60 ग्रॅम पीठ धरून) सुमारे 18 ग्रॅम, दोन वेळचं घट्ट वरण 13, मूठभर फुटाणे 6, आणि वीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या 10. वड्या नको असतील तर त्याऐवजी एक अंडं आणि वाटीभर दही घ्या. बाहेरून आणायचा डबा नाही, पावडर नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात एवढंच करा. डाळ दुप्पट टाका आणि तुमच्या वाटीतलं वरण पळीने खालून ढवळून आधीच काढून ठेवा. मी तशी वाटी झाकून फडताळात ठेवायला लागले तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "काहून व, कोणासाठी ठेवलं?" मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी मला डाळ वाढवायला सांगितली, शेवटी उरत नाही." त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून वाटी त्याच काढून ठेवू लागल्या. घरात आधी असं सरळ सांगून पाहा. पथ्य आहे म्हटलं की गावात माणसं ऐकतात.

डाळ रोज तुरीचीच हवी असं नाही. बरबटी, मूग, मोट, हरभरा, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगांचे दाणे, सगळं चालतं. चून (बेसनाचं पिठलं) करताना त्यात मेथी किंवा कांद्याची पात भरपूर घाला. डाळभाजी तर आपल्या विदर्भाचीच, पालक आणि डाळ एकाच भांड्यात. भंडारा-गोंदियाकडे लाखोळीची डाळ होते, तिच्यावर मात्र रोज विसंबू नका. तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो.

भाकर, पोळी, भात

माझ्या आजीच्या घरी कोठीत ज्वारी असायची. आता वावरात कापूस आणि सोयाबीन, घरात रेशनचे गहू-तांदूळ. ज्वारी विकत आणावी लागते हे मला माहीत आहे, तरी एका वेळेपुरती आणा. तिच्यात तंतू भरपूर असतात, भूक लवकर लागत नाही. सकाळच्या पोह्यांऐवजी ज्वारीच्या कण्या ताकासोबत केल्या तर शेतात दुपारपर्यंत पोट धरून राहतं.

भात बंद करू नका. झाडीपट्टीतल्या, म्हणजे भंडारा-गोंदियाकडच्या भातपट्ट्यातल्या बाईला भात सोडायला सांगणं म्हणजे तिला जेवूच नको म्हणण्यासारखं आहे. तीन गोष्टी करा. भात डोळ्यांच्या अंदाजाने नाही, वाटीने मोजून घ्या. ताटात पोळी असेल तर एक वाटी, नसेल तर दीड-दोन. आणि आधी भाजी, वरण खाऊन भात शेवटी खा. तोच भात शेवटी खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे तपासून पाहिलेलं आहे.

अर्धं ताट भाजीचं असू द्या. यासाठी बाजाराची वाट पाहायची गरज नाही. पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ, बांधावरची अंबाडी, परसातला शेवगा, ढेमसं, कोहळं, वांगी. तर्रीचं तेल मात्र मोजा. महिन्याला एका माणसाला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. जवसाची चटणी रोज चमचाभर खा, जवस भाजून घ्या. ती पोटाला आणि हृदयाला चांगली आहे, पीसीओएसचं औषध नाही.

चहातली साखर

दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे. चमच्यात पाच ग्रॅम धरा, म्हणजे दिवसाला 40 ग्रॅम आणि महिन्याला सव्वा किलोच्या जवळ साखर एकट्या चहातून. आधी एक चमचा करा, पंधरा दिवसांनी अर्धा. गूळ घातला की चालतं असं बऱ्याच जणी समजतात. तो शरीरात साखरच होतो. टोस्ट, खारी, मुलांच्या हातातले दहा रुपयांचे पुडे यांचंही तेच.

उपासाचे दिवस

सोमवार, चतुर्थी, नवरात्र. श्रद्धा तुमची, मी त्यात पडत नाही. पण दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाण्याची उसळ आणि आलू, हे पीसीओएसला सगळ्यात वाईट. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ भाग. त्या दिवशी भगर थोडी, शेंगदाण्याची आमटी, ताक, राजगिरा, एखादं फळ असं तीन वेळा थोडं-थोडं घ्या. संत्रं सोलून खा, रस काढू नका.

वजन: कोणी कमी करायचं, कोणी नाही

वजन जास्त असेल तर सगळं उतरवायची गरज नाही. 5 ते 10 टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते आणि अंडं सुटायला लागतं. 64 किलोच्या बाईला म्हणजे सव्वातीन किलोपासून सुरुवात. सहा महिन्यांत हे होतं.

पण आपल्याकडे सडपातळ बायांनाही पीसीओएस असतो. 47 किलोच्या शेतमजूर बाईने वजन कमी करायला एक वेळ उपाशी राहावं, हे मी पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. उपाशी शरीरातही अंडं सुटत नाही. अशा बाईने कमी खायचं नाही, ताटातली डाळ-भाजी वाढवायची.

कोणता एक आहार सगळ्यांत सरस, असं पीसीओएसमध्ये सिद्ध झालेलं नाही. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. तुम्हाला वर्षभर पाळता येईल तोच आहार धरा.

शेतातलं काम आणि चालणं

निंदण आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वेगळ्या व्यायामाची गरज नाही. पण माघ संपला की काम संपतं आणि वैशाखात तर दाराबाहेर पडवत नाही. तेव्हा पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत, अर्धा तास भरभर चालायचं, आठवड्यातून पाच दिवस. सोबत एखादी जाऊ किंवा शेजारीण घ्या, म्हणजे लोकांच्या नजरा कमी टोचतात. आठवड्यात दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करा, वीस-वीस वेळा. स्नायू वाढले की इन्सुलिन चांगलं लागू पडतं.

कॅलेंडरवर खूण

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी आली त्या तारखेला गोल करा. दोन पाळ्यांमधलं अंतर 21 ते 35 दिवस असेल तर ठीक. अंडं पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. त्या सुमाराला अंगावरून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तारेचं पाणी जातं. पाळी अनियमित असताना नेमका दिवस शोधत बसू नका, दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा. अंडं सुटण्याचा दिवस सांगणाऱ्या पट्ट्या पीसीओएसमध्ये पुष्कळदा फसवतात, त्यात पैसे घालू नका.

आज ताट बदललं तर पुढच्या महिन्यात फळ मागू नका. एक कोश वाढून अंडं सुटायला सुमारे तीन महिने लागतात, तेवढे द्याच. माझी पाळी चौथ्या महिन्यात पहिल्यांदा 34 दिवसांनी आली. मी कॅलेंडरपुढे उभी राहून तीनदा मोजलं. दिवस राहायला मात्र मला गोळ्याही लागल्या, हे लपवणार नाही.

गोळ्या कधी

वय 35 च्या आत असेल तर वर्षभर, पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जा, असा साधारण नियम. पण पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असेल तर वर्ष थांबू नका, आहार आणि उपचार सोबत चालू द्या. अंडं सुटण्यासाठी आज पहिल्यांदा लेट्रोझोल देतात, इन्सुलिन नीट लागू पडावं म्हणून कधी मेटफॉर्मिनही देतात. मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्या, बरीच वर्षं घेत असाल तर बी12 जीवनसत्त्व तपासून घ्या. मेडिकलमधून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून यातलं काहीच आणू नका. जडीबुटीच्या पुड्याही नकोत, त्यात काय मिसळलंय ते कोणी सांगत नाही. फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून. डॉक्टरांना विचारा, ही गोळी स्वस्त आहे.

पाळी लांबली तर आधी हे

आपल्याला पाळी लांबायची इतकी सवय झालेली असते की दिवस राहिले तरी कळत नाही. मागच्या पाळीपासून 35 दिवस उलटले की आधी लघवीची तपासणी करा, आशाताईंकडे निश्चय किट मिळतं. ती केल्याशिवाय पाळी आणायच्या गोळ्या अजिबात घेऊ नका. तपासणीत दोन रेघा आल्या तर चालू असलेल्या गोळ्या घ्यायच्या की थांबवायच्या ते आपल्या मनाने ठरवू नका, लगेच डॉक्टरांना विचारा, त्याच आठवड्यात दवाखान्यात नाव नोंदवा आणि पीसीओएस आहे हे पहिल्याच भेटीत सांगा. आपल्याला गरोदरपणात साखर वाढायचा धोका जास्त असतो. तेव्हा ग्लुकोज पिऊन करायची तपासणी पहिल्याच भेटीत मागा, आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा एकदा.