मुखपृष्ठ हातात घेण्याआधी एक मेल

दिवाळी अंकाचं किंवा पुस्तकाचं मुखपृष्ठ करायला घेताना आपण मानधन ठरवतो, चित्राच्या हक्काचं मात्र बोलतच नाही. ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून राहून जातं. चित्रकलेवर घर चालवायचं असेल तर हे आधीच लेखी घ्या.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ नीट वाचा. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून केलेलं पेंटिंग, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र असेल, तर वेगळा करार नसताना कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो! म्हणून काम सुरू होण्याआधी मेल करा आणि प्रकाशकाकडून होकार मागवा: ‘हे चित्र या पुस्तकाच्या छापील मुखपृष्ठापुरतं, ३ वर्षांसाठी वापरायला देत आहे. कॉपीराइट व मूळ चित्र माझ्याकडे राहील. ई-बुक, कॅलेंडर, टी-शर्टसाठी वेगळं मानधन. दोनदा बदल करून देईन, पुढच्या बदलांचे पैसे वेगळे. निम्मे पैसे आगाऊ.’

चांगल्या प्रकाशकाला याचं वाईट वाटत नाही. आणि तेच चित्र पुढे प्रिंट किंवा कॅलेंडर म्हणून पुन्हा कमाई देऊ शकतं, हातात काम नसलेल्या महिन्यांतसुद्धा.